गाडीवर हलकी धूळ? आधी पाणी, मग फडका! कोळसा, राख, सिमेंट अन् लाल मातीच्या पट्ट्यात गाडी धुण्याची योग्य रीत

चंद्रपूर/गडचिरोली : सकाळची वेळ. अंगणात गाडी उभी. रात्रभरात बोनेटवर धुळीचा पातळ थर बसलेला, बोटाने नाव लिहिता येईल एवढाच. घरचा माणूस दारामागचा जुना बनियन घेतो, दोनदा झटकतो अन् गाडी गोल-गोल पुसून काढतो. पाच मिनिटांत गाडी चकाचक! सहा महिन्यांनी मात्र त्याच बोनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसू लागतात. मग "कंपनीनं रंगच हलका दिला" म्हणून ओरड होते. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, त्या कोरड्या बनियनचा असतो.

गाडीवर चिखल असला की लोक आपोआप पाणी घेतात. हलकी धूळ असली की मात्र "एवढ्यासाठी कुठं पाणी घालायचं" म्हणून कोरडाच फडका फिरवतात. म्हणून सर्वात जास्त ओरखडे हलक्या धुळीनेच पडतात. एमएच-३४ असो की एमएच-३३, दोन्ही जिल्ह्यांत धुळीची कमी नाही. इथली धूळ नुसती मातीही नाही. त्यामुळे गाडी धुण्याची रीत समजून घेतलेली बरी.

ओरखडा पडतो कसा?

आजकालच्या गाड्यांच्या रंगावर सर्वात वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक ती याच थराची. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. हा थर एक प्रकारच्या प्लास्टिकचा असून काचेपेक्षा बराच मऊ असतो.

धुळीत मात्र गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायला १ ते १० अशी मोहस् मोजपट्टी वापरतात. तिच्यावर क्वार्ट्झ ७ वर येते, तर काच साधारण ५.५ वर. जो कण काचेवर रेघ ओढू शकतो, तो मऊ थराचे काय करेल, हे वेगळे सांगायला नको.

हा कण नुसता बसून राहिला तर रंगाला ओरखडा पडत नाही. वरून फडका दाबला अन् हात फिरवला की तोच कण सँडपेपरचे काम करतो. हात गोल फिरला की रेघही गोल पडते. पाण्याने दोन कामे होतात. बहुतांश कण वाहून जातात अन् उरलेले कण ओल्या फडक्याखाली सहज सरकतात. शाम्पूचा फेस ही सरक आणखी वाढवतो. धुण्याचे सगळे शास्त्र एवढेच आहे.

तुमच्या भागात कोणती धूळ?

*कोळशाची धूळ :* चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, भद्रावती तालुक्यांत अन् घुग्घुस परिसरात वेकोलिच्या खाणी आहेत. कोळसा स्वतः मऊ असतो, पण त्याच्या धुळीत खाणीतल्या दगड-मातीची भुकटी मिसळलेली असते. कोरडे पुसले तर ओरखडा पडतो, वरून पांढऱ्या गाडीवर काळपट पट्टाही उमटतो.

*राख :* चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळसा जळाल्यावर उरणारी उडती राख पिठासारखी मऊ लागते. हाताला मऊ लागते म्हणून लोक फसतात. तिच्यात सिलिका अन् ॲल्युमिना हे मुख्य घटक असून बरेचसे कण काचेच्या सूक्ष्म गोळ्यांसारखे असतात. दुर्गापूर, ऊर्जानगर परिसरात गाडीवरचा करडा थर दिसला तर फडक्याला हात लावू नये.

*सिमेंटची धूळ :* कोरपना तालुक्यातील गडचांदूर, आवारपूर, उपरवाही तसेच घुग्घुस परिसरात सिमेंट कारखाने आहेत. ही धूळ सर्वात अवघड. ओल लागली की ती घट्ट व्हायला लागते, शिवाय ती अल्कधर्मी असल्याने रंगावर डाग धरते.

*लोहखनिजाची लाल धूळ :* एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज हेमाटाइट प्रकारचे आहे. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गावर खनिजाच्या ट्रकमागे गाडी चालवली की लाल थर बसतोच. हेमाटाइटचा कठीणपणा मोहस् पट्टीवर ५.५ ते ६.५, म्हणजे साधारण चाकूच्या पोलादाइतका किंवा थोडा जास्तच.

*मुरमाचा फुफाटा :* मोहर्ली, कोलारा, नवेगाव गेटवरच्या सफारी गाड्या अन् गावखेड्यातल्या कच्च्या रस्त्यांवर धावणारी वाहने यांच्यावर हा बसतो. यात खडे मोठे असतात, त्यामुळे ओरखडेही खोल पडतात.

*धानाचा भुसा :* ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज या धानाच्या पट्ट्यात मळणीच्या दिवसांत अन् राइस मिलजवळ भुशाचे कूस उडते. दिसायला निरुपद्रवी, पण धानाच्या भुशात सिलिका भरपूर असते. भांडी घासायला भुशाची राख का चालायची, ते यावरून कळेल.

आधी ठरवा : धुणे गरजेचे आहे का?

रोज गाडी पुसलीच पाहिजे असा नियम नाही. हलकी धूळ चार दिवस राहिली तरी रंग खराब होत नाही. रोज फक्त समोरची-मागची काच, बाजूचे आरसे, दिवे अन् नंबर प्लेट ओल्या कपड्याने साफ करावी, कारण त्यावर सुरक्षितता अवलंबून आहे. बाकी गाडी आठवड्यातून एकदा नीट धुतली तर रोजच्या सात कोरड्या पुसण्यांपेक्षा ती जास्त टिकते.

चार गोष्टींना मात्र थांबू नये : सिमेंटची धूळ, पाखरांची विष्ठा, झाडाचा चीक अन् मोहफुले. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली गाडी लावली की गोड, चिकट फुले टपावर पडतात अन् त्यावर धूळ चिकटून बसते. असा डाग खरवडू नये. ओला कपडा पाच-दहा मिनिटे त्यावर ठेवावा, डाग फुगला की अलगद उचलावा.

साहित्य काय लागते?

- साधारण १५ लिटरच्या दोन बकेट (शक्यतो वेगळ्या रंगाच्या)
- चाकांसाठी एक जुनी बकेट अन् वेगळा ब्रश किंवा कपडा
- गाडीचा शाम्पू
- धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा
- पुसण्यासाठी जाड मायक्रोफायबरचे दोन-तीन टॉवेल
- पाइप नसेल तर झाडांना पाणी घालायची झारी किंवा फवारणीचा पंप

पंपाबाबत एक खबरदारी महत्त्वाची. शेतात कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेला पंप गाडीसाठी कधीच वापरू नये, कितीही धुतला तरी नाही. टाकीत अन् नळीत औषधाचा अंश राहतो. तो हाताला, श्वासाला घातक आहे. गाडीसाठी पंप वेगळाच ठेवावा.

कपड्यांची अन् भांड्यांची पावडर किंवा साबणही टाळावा. त्याने गाडीवरचे वॅक्स निघून जाते अन् रबर कोरडे पडते.

धुण्याची रीत, पायरीने

१. वेळ आणि सावली. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी अन् शाम्पू क्षणात वाळतात अन् डाग सोडतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, सावलीत गाडी धुवावी. लांबून आलेली गाडी अर्धा तास थंड होऊ द्यावी. बोनेटला हात लावून पाहावा, चटका बसत असेल तर थांबावे.

२. चाके आधी. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी अन् खडे असतात. ती शेवटी धुतली तर शिंतोडे स्वच्छ गाडीवर उडतात. चाकांची बकेट अन् कपडा पुढे अंगाला वापरू नये.

३. हात न लावता भिजवणे. ही पायरी बरेच जण गाळतात अन् तिथेच चूक होते. टपापासून खाली, भरपूर पाणी सोडावे. दोन-तीन मिनिटे थांबावे अन् पुन्हा एकदा पाणी सोडावे. हलक्या धुळीचा मोठा भाग इथेच निघून जातो. दारांच्या खालच्या भागावर, मागच्या डिक्कीवर अन् चाकांच्या कमानीत जास्त पाणी मारावे.

४. दोन बकेट. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून पिळायचा अन् पुन्हा शाम्पूत. एकच बकेट असली तर काढलेली माती परत गाडीवर घासली जाते. साध्या पाण्याच्या बकेटमध्ये बुडाशी गाळ बसतो, म्हणून मोजा तळापर्यंत नेऊ नये.

५. वरून खाली, सरळ रेषेत. आधी टप, मग काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, डिक्की, शेवटी दारांचा खालचा भाग अन् बंपर. हात गोल फिरवू नये, पुढून मागे सरळ न्यावा. जोर अजिबात नको, मोज्याचे स्वतःचे वजन पुरते. मोजा जमिनीवर पडला तर तो धुऊनही त्या दिवशी वापरू नये. एक खडा पुरेसा असतो.

६. शाम्पू वाळू न देणे. एकदम सगळ्या गाडीला फेस लावून बसू नये. दोन-तीन भाग झाले की पाणी मारावे.

७. लगेच पुसणे. आपल्याकडे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. ते अंगावर वाळले की पांढरे ठिपके राहतात. जाड टॉवेल ओल्या पत्र्यावर पसरावा अन् अलगद ओढावा, किंवा नुसता टिपावा. शेवटचे पाणी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे वापरता आले तर ठिपके कमी पडतात.

पाणीच कमी असेल तर?

उन्हाळ्यात जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथे पाइप लावून गाडी धुणे शोभतही नाही. घरच्या पाइपातून मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर पाणी जाते. पाव तास पाइप सुरू राहिला तर १५० लिटरच्या वर पाणी गेले. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे हे तीन माणसांचे दिवसभराचे पाणी. तेच काम झारी अन् बकेटने केले तर चार बकेट, म्हणजे साधारण ६० लिटरमध्ये होते.

त्याहून कमी पाण्यात काम भागवायचे तर बाजारात खळबळून न धुता पुसायचे द्रावण मिळते. त्याला रिन्सलेस वॉश म्हणतात. डब्यावर लिहिलेल्या मापाने ते बकेटभर पाण्यात मिसळावे. थोडे स्प्रेच्या बाटलीत भरून एका भागावर भरपूर फवारावे अन् मिनिटभर थांबावे. मायक्रोफायबर टॉवेल त्याच द्रावणात ओला करून चार घड्या घालाव्यात अन् एकदाच सरळ ओढावा. बाजू मळली की उलटावी. सगळ्या बाजू संपल्या की दुसरा टॉवेल घ्यावा, मळलेला पुन्हा फिरवू नये.

ही पद्धत फक्त हलक्या धुळीसाठी आहे. गाडीवर चिखल, सिमेंट, मुरूम किंवा खनिजाचा जाड थर असेल तर ती वापरू नये.

सिमेंट अन् लाल धुळीसाठी वेगळी काळजी

सिमेंटच्या धुळीवर थोडे पाणी शिंपडणे सर्वात वाईट. एक तर सोडायचे असेल तर भरपूर पाणी सोडावे, नाही तर ती कोरडी राहू द्यावी. हिवाळ्यात रात्री दव पडते अन् धूळ जमते, म्हणून कारखाना परिसरात गाडी शक्यतो शेडमध्ये लावावी. खर जमलीच तर पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून आधी आतल्या न दिसणाऱ्या जागी तपासावे. मग ओला कपडा काही मिनिटे डागावर ठेवावा अन् भरपूर पाण्याने धुवावे. नखाने किंवा पत्र्याने खरवडू नये.

लाल धूळ एका धुण्यात निघाली नाही म्हणून चिडून घासू नये. पुन्हा भिजवावी, पुन्हा शाम्पू लावावा. दारांच्या फटीत, रबराखाली अन् पाणी वाहून जायच्या भोकांत ही धूळ साचते अन् ओल धरते. तिथे मऊ ब्रश चालवावा, नाही तर पुढे गंज तिथूनच सुरू होतो.

या चुका टाळा

- दवात पुसणे : सकाळी गाडी दवाने ओली दिसते म्हणून "आता पुसायला हरकत नाही" असे वाटते. दवाचे पाणी धूळ वाहून नेण्याइतके नसते. धुळीचा लेप होतो अन् तोच घासला जातो.
- धुळीच्या गाडीवर कव्हर : वाऱ्याने कव्हर हलते अन् खालची धूळ रंगावर घासते. कव्हर धुतलेल्या गाडीवरच घालावे.
- कोरड्या काचेवर वायपर : आधी पाणी सोडावे, वायपरचे रबर ओल्या कपड्याने पुसावे, मग चालवावे. काचेवर पडलेली कमान पुन्हा जात नाही, अन् रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात ती डोळ्यांवर येते.
- डिझेल किंवा तेलाचा हात : चमक येते, पण चिकट थरावर दुप्पट धूळ बसते.
- झटकणीवर भरवसा : लांब धाग्यांची मेणाची झटकणी दोन-तीनदा वापरल्यावर स्वतःच धुळीने भरते. तीच फिरवणे म्हणजे जुनी धूळ घासणे.
- कोटिंग केले म्हणून निर्धास्त : सिरॅमिक कोटिंगमुळे धूळ लवकर सुटते, पण कोरड्या फडक्याचे ओरखडे त्याने थांबत नाहीत.

कोरडे झटकण्याचा आणखी एक तोटा आहे. उडालेली राख अन् दगडाची भुकटी झटकणाऱ्याच्याच नाकातोंडात जाते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. अशा हवेत राहणाऱ्याने घरच्या अंगणात आणखी धूळ उडवून घेऊ नये. आधी पाणी मारले तर गाडीही वाचते अन् छातीही. लहान मुले जवळ असताना तर कोरडे झटकूच नये.

वॉशिंग सेंटरवर गाडी देताना

प्रेशरचे पाणी चांगले, पण नोझल पत्र्यापासून फूट-दीड फूट दूर हवे. रंग उडालेल्या जागी जोराची धार मारली तर आणखी पापुद्रा निघतो. खरा धोका फडक्याचा असतो. ज्या कपड्याने आधी ट्रॅक्टर पुसला, तोच आपल्या बोनेटवर फिरू नये. "भाऊ, फडका आमचा वापरा" असे म्हणून स्वतःचे दोन टॉवेल द्यावेत, यात कमीपणा काही नाही.

घरी हे टॉवेल वेगळे धुवावेत. कपडे मऊ करणारे द्रावण त्यात घालू नये, त्याने धागे चोपडे होऊन पाणी शोषत नाहीत. सुती कपड्यांसोबतही टाकू नयेत, तुसे चिकटतात.

ओरखडे पडलेच असतील तर?

रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरावा. उजेडाभोवती गोल जाळे दिसले तर ते वरवरचे ओरखडे. रेघेवरून नख फिरवावे. नख अडकले नाही तर पॉलिशने ती रेघ कमी होते. नख अडकले तर ती खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. गडद रंगाच्या गाडीवर जाळे लगेच दिसते, पांढरीवर दिसत नाही. पण पडते दोन्हींवर.

मशीनने पॉलिश करणे म्हणजे क्लिअर कोटचा थोडा थर घासून काढणे. तो मुळातच ३५-५० मायक्रॉन, म्हणून हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो. दरवर्षी पॉलिश अन् रोज कोरडा फडका, असे चालले तर काही वर्षांत टप अन् बोनेट पांढुरके पडतात. त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांतून एकदा हाताने वॅक्स लावावे. त्याने थर घासला जात नाही अन् पुढची धूळ नुसत्या पाण्याने सुटते.

ज्याची गाडीच रोजीरोटी आहे, त्याला हे जास्त लागू होते. सफारीवाले, काळी-पिवळीवाले, लग्नाच्या भाड्याला गाडी देणारे यांची गाडी दिवसातून दोन-तीनदा पुसली जाते. गिऱ्हाईक आधी रंग पाहते, अन् गाडी विकताना घेणाराही आधी बोनेटच पाहतो.

नदी-नाल्यात गाडी घालू नका

वर्धा, वैनगंगा, इरई किंवा गावच्या नाल्यात गाडी उतरवून धुण्याची सवय अजून आहे. ऑइल, ग्रीस अन् शाम्पू त्याच पाण्यात जातो, जे खालच्या गावची जनावरे पितात अन् लोक वापरतात. गाडीचेही नुकसानच, कारण नदीच्या पाण्यात रेती असते, अन् रेतीच्या पाण्यात बुडवलेला फडका कोरड्या फडक्यापेक्षा वेगळा नाही. गाडी अंगणात, मातीत किंवा झाडाजवळ पाणी मुरेल अशा जागी धुवावी, विहीर अन् हातपंपापासून दूर.

कोळसा किंवा खनिजाचा ट्रक ताडपत्री न झाकता धावत असेल तर त्याची तक्रार परिवहन कार्यालयाकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाकडे करता येते. ट्रकचा नंबर, जागा अन् वेळ लिहून ठेवावी. तोवर धूळ येतच राहणार. ती काढताना बोनेटवर पहिला हात पाण्याचा, दुसरा फडक्याचा, एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले तरी पुष्कळ झाले. अन् दारामागचा तो जुना बनियन चाकांसाठी ठेवावा, तिथे तो अजून कामाचा आहे.